वीस पावलांवरून लिहिलेला हुलिया

उभी नोकरी मी माणसांची वर्णनं लिहिण्यात घालवली, पण मला कोणी लेखक म्हटलं नाही. मुन्शी म्हटलं. पोलीस ठाण्यातला मुन्शी म्हणजे लिहिणारा शिपाई. काठी इतरांच्या हातात, टाक माझ्या हातात. कोण आलं, काय म्हणालं, काय हरवलं, कोण मेलं, ते सगळं त्यानं कागदावर उतरवायचं. या अंकाच्या संपादकबाई माझ्या नातीच्या शाळेत मराठी शिकवतात. त्या म्हणाल्या, "चाचा, वर्णन कसं लिहावं यावर तुम्ही लिहा. आमची पोरं 'निसर्गरम्य'च्या पुढे सरकतच नाहीत." मी म्हटलं, बाई, मी स्वतः कितीतरी वर्षं 'रंग सावळा, बांधा मध्यम'च्या पुढे सरकलो नव्हतो, आणि त्यापायी एका बाईवर काय वेळ आणली होती ते ऐकाल तर मला शाळेच्या फाटकातही शिरू देणार नाही. त्या म्हणाल्या, मग तेच लिहा.

आमच्या भाषेत माणसाच्या वर्णनाला हुलिया म्हणतात. फरारी माणसाचा हुलिया, हरवलेल्याचा हुलिया, अनोळखी प्रेताचा हुलिया. त्याचा उपयोग एकच. ज्यानं त्या माणसाला पाहिलेलं नाही त्याला हजारात तो ओळखू यावा, किंवा ज्यानं आयुष्यभर पाहिलंय त्याला, 'हा आपलाच' किंवा 'हा आपला नव्हे' एवढं सांगता यावं. सुंदर दिसण्याशी त्याचा संबंध नाही. हे मी आज शहाण्यासारखं सांगतोय. तेव्हा माझे हुलिये एका साच्यातून काढल्यासारखे असत. एकदा सावली गावच्या बाजारातल्या एका भुरट्या चोराचा हुलिया मी आजूबाजूच्या ठाण्यांना धाडला, तर पुढच्या बाजाराला त्या वर्णनाची चार माणसं धरून आणली गेली. त्यातला एक आमच्या ठाणेदारांचा सख्खा मेहुणा निघाला. साहेबांनी मला दोन दिवस फैलावर घेतलं. मी मात्र मनात म्हटलं, चूक माझी नाही, मेहुण्याचा बांधा मध्यम आहे.

याउलट शेतकरी हरवलेल्या बैलाची खबर द्यायला यायचा, तर थांबायचं नाव घेत नसे. डावं शिंग आत वळलेलं, शेपटीच्या गोंड्यात पांढरे केस, पाणी पिताना आधी फुंकर मारतो. तोच शेतकरी भाऊ हरवला म्हणून आला की म्हणायचा, "आता काय सांगू जी, मानसासारखा मानूस होता." मी हसायचो. बैलाकडे तो रोज बघतो आणि भावाकडे बघायची गरज पडत नाही, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

खरं तर मला हे कळायला हवं होतं. माझे अब्बा चांद्याला किल्ल्याच्या दरवाजाजवळ शिंपीकाम करायचे. ते म्हणत, माप घ्यायचं तर माणसाच्या अगदी जवळ उभं राहावं लागतं, त्याच्या घामाचा वास आला पाहिजे. मला घामाचा वास नको होता, म्हणून मी टाक धरला.

गोष्ट पन्नास सालानंतरच्या काही वर्षांतली. जिल्ह्याला तेव्हा चांदा म्हणत, गडचिरोली त्यातच होती. वैनगंगेच्या काठच्या एका लहान ठाण्यात मी मुन्शी होतो. ठाण्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण चूक ठाण्याची नव्हती, माझी होती. भादव्यात नदी फुगली. पाच दिवस डोंगे, म्हणजे लहान होड्या, बंद. सहाव्या दिवशी वरच्या अंगाला दोन कोसांवरच्या गावाहून निरोप आला की काठाच्या झुडपात प्रेत अडकलंय. मी, एक शिपाई आणि दोन पंच निघालो.

तिथे जी पद्धत होती ती सांगतो, म्हणजे बाहेरच्यांना कळेल. पाण्यात चार-पाच दिवस राहिलेल्या प्रेताजवळ कोणी जात नाही. गावचा कोतवाल जातो. मुन्शी वाऱ्याची दिशा बघून लांब झाडाखाली बसतो. कोतवाल तिथून ओरडून सांगतो, मुन्शी लिहितो, पंच सही-अंगठा करतात. खाली छापल्यासारखं ठरलेलं वाक्य असतं, 'पंचांसमक्ष जवळून पाहून लिहिले.' त्या दिवशी मी मोहाच्या झाडाखाली होतो. प्रेत वीस पावलांवर. नाकाला रुमाल. झिबल नावाचा कोतवाल, पन्नाशीचा, किडकिडीत, प्रेताच्या पायाला दोरी बांधून ते वर ओढत होता आणि ओरडत होता. वाऱ्यात अर्धं ऐकू येत होतं. मी मध्येच ओरडलो, "झिबलभाऊ, कामाचं तेवढंच सांग!" आणि लिहून टाकलं. पुरुष जात, वय अंदाजे तीस ते पस्तीस, रंग सावळा, बांधा मध्यम, चेहरा ओळखू न येण्यासारखा, कमरेला धोतर, अंगात जुनी बंडी. शिपाई म्हणाला, कपडे फार घाण मारताहेत, ठाण्यात कुठे ठेवायचे? नियमाने धुऊन, बांधून ठेवायचे असतात. मी मान हलवली. कपडे प्रेताबरोबर जाळले. आता त्या माणसाचं या जगात माझ्या दोन ओळींखेरीज काही उरलं नव्हतं.

आठ-नऊ दिवसांनी पाणी ओसरलं, पलीकडचे डोंगे सुरू झाले, आणि सकाळी सकाळी ठाण्याच्या ओसरीवर एक बाई येऊन उभी राहिली. तिशीच्या आतली, हातभर हिरव्या बांगड्या. बरोबर तिचा जेठ, म्हणजे थोरला दीर, कवडू आणि जातीचे दोन म्हातारे. माणसं मासेमारी करणारी. बाईचं नाव भागरथा. तिचा नवरा दसरू पूर चढला त्या दिवशी सुटलेलं जाळं आणायला डोंगा घेऊन गेला होता, तो परतला नव्हता. प्रेत सापडल्याची आमची दवंडी त्यांच्या गावात पोचली तेव्हा कवडूनं ती ऐकली आणि तिथेच खाली बसला.

कवडू वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगतो. त्याचे डोळे रडून सुजले होते. "दिवस उलटून गेले मुन्शीजी," तो म्हणाला. "क्रियाकर्म झालं नाई तं माह्या भावाचा जीव कुठी भटकत राह्यल? घाटावर बाया बसल्या हायेत. हे म्हनते, हुलिया आयकल्याबिगर बांगड्या फोडू देनार नाई. तुमी वाचून सांगा इले, मंग आमी जातो."

मी कागद काढला. वाचला. दोन ओळी, वाचायला किती वेळ लागणार? वाचून वर पाहिलं तर कवडू ओक्साबोक्शी रडत होता. "दसरूच जी. दसरूच."

भागरथा रडली नाही. "झालं?" तिनं विचारलं.

"झालं बाई."

"ह्याच्यात माह्या मानसाचं काय हाये? सावळा तं हे जेठबी हायेत. तुमीबी हा." मग ती एक पायरी वर चढली. "मी तं पाह्यलं नाई मुन्शीजी. तुमी पाह्यलं. तुमी सांगा, कसा होता?"

मी पुन्हा कागदाकडे पाहिलं. 'जवळून पाहून लिहिले' याच्याखाली माझी सही होती.

आतून ठाणेदार बाहेर आले. वरच्या साहेबांची तपासणी चार दिवसांवर होती आणि अनोळखी प्रेताचं प्रकरण उघडं राहिलेलं त्यांना नको होतं. "काय घोळ लावलाय? भाऊ ओळखतोय ना? लिही, ओळख पटली. बाईचा अंगठा घे." त्यांनी स्वतःच शाईचा पॅड पुढे सरकवला. कवडूनं हलकेच तिचं मनगट धरलं. बांगड्या वाजल्या. त्या आवाजानं मी भानावर आलो. अंगठा उठला की ही बाई इथून सरळ घाटावर जाणार, आणि माझ्या लिहिण्यावरून जाणार. आणि तो दुसराच कोणी असला तर?

मी साहेबांना बाजूला घेतलं आणि म्हटलं, "साहेब, उद्या हिचा नवरा जिवंत परत आला तर हा कागद तुमच्या सहीने वर गेलेला असेल." साहेबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. खरं काय ते त्यांना बहुतेक कळलं होतं. "दिवस बुडायच्या आत," ते म्हणाले. "नाहीतर हाच कागद, आणि पंचनामा लांबून लिहिल्याची कारवाई तुझ्यावर."

प्रेत जवळून पाहिलेला एकच माणूस होता, झिबल. पण त्याच्याकडे जाऊन 'बंडीला ठिगळ होतं का रे' असं विचारलं असतं तर तो 'होतं जी' म्हणाला असता. दारात पोलीस उभा असला की गरीब माणूस त्याला हवं ते उत्तर देतो. म्हणून मी आधी दसरूचा हुलिया लिहायचं ठरवलं, त्या दोघांकडून, वेगवेगळं बसवून, अंगठे घेऊन. म्हणजे मागाहून कोणी शब्द फिरवला असं व्हायला नको. कवडूला मागच्या चिंचेखाली नेलं. तो म्हणाला, "सावळा, मदम." मला स्वतःचीच लाज वाटली. मी म्हटलं, पायापासून सांग. "पायाचं काय सांगू जी? माह्यासारखेच. पाच बोटं हायेत, आनखी किती राह्यतीन?" मी तेही लिहिलं.

मग भागरथा. तिलाही म्हटलं, पायापासून सुरू कर. ती उकिडवी बसली, जमिनीकडे बघत बोलायला लागली, आणि मला टाक दौतीत बुडवायला फुरसत मिळेना. उजव्या टाचेला भेग, त्यात तो मेण भरतो. करंगळीचं नख डोंग्याखाली सापडून गेलंय. "जाळं विनाले बसला का डाव्या पायाच्या चारीबी फटीत सूत अडकवते. साऱ्या गावात आता तसा तोच एक. हात मोकळे राह्यतेत म्हनते." गुडघ्यावर विस्तवाचा डाग. डाव्या कानात नेहमी पाणी राहातं, म्हणून ओसरीत चढला की आधी मान वाकडी करून कान झटकतो. हसला की आवाज येत नाही, फक्त खांदे हलतात. "आनखी सांगू?" तिनं विचारलं. आणि तिथे ती पहिल्यांदा रडली.

मी एकही शब्द बदलला नाही. 'बांधा मध्यम' लिहिलं नाही. साहेबांनी कागदावर नजर टाकली आणि म्हणाले, "हा हुलिया आहे की लग्नातलं गाणं?" माझ्या हातून लिहिलं गेलेलं ते पहिलं खरं वर्णन होतं आणि ते माझं नव्हतं.

दोन कोस चालायचे होते. वाटेत नाला कमरेपर्यंत भरलेला. कागद डोक्यावर टोपीखाली धरून मी पार केला, मागून कवडू, म्हातारे, आणि सगळ्यांत पुढे भागरथा. नाल्यातून निघाल्यावर ती थांबून म्हणाली, "मुन्शीजी, त्यो असला तं मले सरळ सांगजा. घोळून सांगू नोका." दिवस कलायला लागला होता.

झिबल घराच्या सावलीत दोरी वळत बसला होता. पोलीस बघून उभा राहिला. मी त्याला म्हटलं, "भाऊ, मी काही विचारत नाही. त्या दिवशी तू जे केलंस ते हातानं करून दाखव. आणि करता करता काय दिसलं ते बोल." तो गोंधळला. मग त्यानं समोरचा एक ओंडका ओढून घेतला, खाली वाकला, दोरीचा फास केला. "इथून धरलं जी. पायाले दोरी बांधली. उजवा पाय आधी. मंग डावा." त्याचे हात थांबले. "डाव्याले दोरी बोटाच्या मंधातून घालाले पाह्यली, तं जाईना. मंधातले दोन बोटं जुळले होते. जनमापासूनच जुळले अशीन. कातडी एकच. मंग घोट्यातून बांधली."

भागरथानं माझ्याकडे पाहिलं, पण तिच्याआधी कवडूला कळलं. म्हाताऱ्यांना बाजूला सारून तो पुढे आला. "चारी फटीत," तो म्हणाला. "चारी फटीत सूत. म्याच शिकवलं त्याले लहानपनी. जुळल्या बोटात कसं अडकवन?" आणि तो मोठा माणूस भावजयीच्या समोर जमिनीवर डोकं टेकून रडायला लागला. "माफ कर वो बाई. म्या तुह्या बांगड्या फोडल्या असत्या."

मला वाटलं सुटलो. एवढ्यात झिबल सहज, कुठलाही राग नसलेल्या आवाजात म्हणाला, "म्या तं तवाच सांगतलं होतं जी तुमाले. बोटं जुळले हायेत म्हून ओरडलो. तुमी म्हनलं, कामाचं तेवढंच सांग."

मी भागरथाकडे बघू शकलो नाही. ती शिवी देईल, थुंकेल, काहीही करेल असं वाटलं, आणि तिनं केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, "मंग त्यो कोनाचा होता जी?"



दिवस बुडायच्या आत आम्ही ठाण्यात परतलो. मी आधीचा हुलिया रद्द करून नवा लिहिला, झिबलच्या तोंडून, जसाच्या तसा. डाव्या पायाची मधली दोन बोटं जन्मतः जुळलेली. कपडे नियमाविरुद्ध जाळले, हेही लिहिलं. साहेबांनी माझी पगारवाढ रोखली. ते योग्यच केलं. नवा कागद जंगलाकडच्या सगळ्या ठाण्यांना गेला.

दसऱ्याच्या आसपास पाऊस भुरभुरत होता. एक अनोळखी माणूस ठाण्याच्या ओसरीत चढला, हाडं निघालेली, दाढी वाढलेली. चढला आणि त्यानं आधी मान वाकडी करून डावा कान झटकला. मी टेबलावरून ओरडलो, "दसरू!" तो दचकला. मी त्याला जन्मात पाहिलं नव्हतं. डोंगा उलटून तो दोन दिवसांच्या वाटेवर खाली लागला होता, तापात महिनाभर एका तेलुगू कुटुंबात पडून होता, त्यांची भाषा त्याला येत नव्हती आणि याची त्यांना. घरी पोचल्यावर बायकोनं त्याला पहिल्यांदा माझ्याकडे पिटाळलं होतं. "म्हने मुन्शीजीले तोंड दाखवून ये." त्याचे खांदे हलले. आवाज आला नाही.

ही गोष्ट इथे संपवायला मला आवडलं असतं. लोकांना सांगताना मी कित्येकदा इथेच संपवलीही आहे.

होळीच्या आधी धानोऱ्याकडून एक म्हातारा आला. तिकडच्या जंगलातला, मराठी मोडकं. तीन दिवस चालून आला होता. त्यानं काही विचारलं नाही, नाव सांगितलं नाही. ओसरीच्या पायरीवर बसला, वहाण काढली आणि डावा पाय उचलून माझ्यासमोर ठेवला. मधली दोन बोटं जुळलेली होती.

मी खुर्चीवरून उठून खाली त्याच्याजवळ बसलो. मग त्यानं विचारलं, "पोरगा. तू पाह्यला?"

मी हो म्हणू शकलो असतो. पहिल्या कागदावर तसं लिहिलेलंच होतं.

"नाही बाबा," मी म्हटलं. "मी लांब बसलो होतो."

तो माझ्याकडे बघत राहिला. राग नव्हता, विश्वास बसत नव्हता. मग मी त्याची वहाण त्याच्या पायाजवळ सरकवली, आणि ज्यानं त्याच्या पोराला जवळून पाहिलं होतं, हात लावला होता, त्या झिबलकडे त्याला घेऊन गेलो.